रेडी सुटली

पहिला पडदा नीट उमटायच्या आत सुमंगलाने कळ दाबली. पांढरी अक्षरं क्षणभर चमकली आणि गेली. त्यांच्या जागी काळं आभाळ आलं, आभाळात ठिपके, आणि डाव्या कडेला चारही पाय पोटाशी घेऊन तरंगणारं म्हशीचं एक पिल्लू.

“काय ढकललंस गं?” उमाजीकाकांनी विचारलं.

“काय न्हाई काका. सुरुवातीचं असतंय ते. नावंबिवं.”

काका पडवीत सुपारी सोलत बसले होते. पाटाला ठोकलेल्या वाकड्या पात्यावर एकेक सुपारी दाबायची, सालीचे दोन तुकडे एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. हे काम ते न बघता करू शकत. आता मात्र त्यांनी हात थांबवला, टॉवेलला पुसला आणि चष्मा शोधला. सुमंगलाने लॅपटॉप कोंबड्यांच्या पालथ्या डालग्यावर ठेवून त्यांच्याकडे वळवला.

“ही कोन?”

“वळखा की.”

काकांनी नाक पडद्याला टेकेल इतकं पुढे नेलं. “रेडी?”

“रेडी.”

“आमची? रामनगरची?” त्यांचा जबडा थोडा खाली आला आणि मग सगळा चेहरा हसला. “अगं हुडगी! तू काय म्हून शिकलीस आनी काय करूलालीस!”

सुमंगलाही हसली, पण तिचं बोट अजून त्या कळेवरच होतं.

रामनगरच्या स्टँडमागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एकेकाळी गेमचं एक कपाट होतं. मालक लोंढ्याचा, सांभाळणारे उमाजीकाका. माणसाएवढं उंच लाकडी खोकं, त्याच्या पोटात टीव्ही, खाली एक दांडा आणि दोन बटणं, त्यातलं एक कायमचं बसलेलं. त्यात एकच खेळ होता. एक अवकाशयान डावीकडून उजवीकडे जायचं, समोरून रांगेने शत्रू यायचे, गोळ्या झाडायच्या आणि शेवटी मरायचं. पडदा आपोआप पुढे सरकायचा, कुणासाठी थांबायचा नाही. यानाच्या तोंडाला दोन सुळके होते. खेळ सुरू होण्याआधी, आणि यान फुटून नवं येण्याआधी दर वेळी, मधोमध पिवळ्या रंगात पाच इंग्रजी अक्षरं तीनदा लुकलुकायची. आर, ई, ए, डी, वाय. मागे उभे असलेले काका आरोळी ठोकायचे, “रेडी सुटली रेऽऽ!”

यान म्हणजे रेडी, म्हशीची वासरी. सुळके म्हणजे तिची शिंगं. काळं आभाळ म्हणजे दिग्गीचं रान आणि तारे म्हणजे काजवे. “धर, वर घे! वानरं आली! आता काळी नदीचं पानी लागंल, खाली बघू नको!” असं काका बोलत राहायचे आणि खेळणाऱ्या पोराच्या मागे दहा पोरं गोळा व्हायची. उळवीच्या जत्रेला ते कपाट टेंपोत घालून न्यायचे, तेव्हा तर रथ बघायला आलेली माणसंसुद्धा घटकाभर थांबून रेडीचं काय झालं ते बघून पुढे जायची. खेळ संपला की पडद्यावर आणखी काही अक्षरं यायची. तीही काका वाचून दाखवायचे. “गोठ्यात गेली. चला, दुसऱ्याची पाळी.”

पुढे कपाट बिघडलं, मालकाने नेलं, शेडमध्ये मोबाईलचं दुकान आलं. काका कुंभारवाड्याला परत येऊन भात आणि सुपारी बघू लागले.

सुमंगला दांडेलीला पदार्थविज्ञान शिकत होती तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेत ती स्पेक्ट्रोमीटर गरम व्हायची वाट बघत बसली होती. यंत्र तयार झालं आणि त्याच्या छोट्या पट्टीवर पाच अक्षरं लुकलुकली. तिच्या तोंडून आपोआप निघालं, “रेडी सुटली.” मग ती तशीच पट्टीकडे बघत राहिली. तो शब्द तिला शाळेपासून येत होता, त्याचा अर्थही येत होता. पण यंत्रावरची अक्षरं आणि रामनगरची अक्षरं तिच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होती आणि मधलं दार कधी उघडलंच नव्हतं. ते उघडलं तेव्हा ती एकटीच इतकी हसली की सरांनी येऊन विचारलं, काय जळालं काय.

त्या रात्री हॉस्टेलवर तिने खोलीतल्या श्वेताला सांगितलं. नंतर ती गोष्ट फार मागणीची झाली. “सुमा, ती तुझ्या काकाची म्हैस सांग ना,” असं कुणीतरी म्हणायचंच. सांगता सांगता गोष्ट गुळगुळीत झाली. कुठे थांबायचं, आरोळी किती लांबवायची, हे ठरून गेलं. काका दर वेळी थोडे अधिक भोळे होत गेले.

आता ती बेळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होती. तिथल्या अक्षयबरोबर संध्याकाळी बसून तिने हा गेम बनवला होता. त्या जुन्या खेळांची हुबेहूब नक्कल, फक्त यानाच्या जागी खरोखरची रेडी. येत्या रविवारी बेळगावात हौशी लोकांनी केलेल्या गेमचं छोटं प्रदर्शन होतं. पहिल्या पडद्यावरची ओळ अक्षयने सुचवली होती, शब्द तिचे होते, भाषा इंग्रजी. ज्यांना पाच अक्षरं वाचता आली नाहीत आणि म्हणून ज्यांनी म्हैस अंतराळात पाठवली, त्या माझ्या काकांना. ज्याला दाखवावं तो त्या ओळीलाच हसायचा, खेळ सुरू व्हायच्या आधी.

“ती ओळ म्हणजे गेम आहे,” अक्षय म्हणायचा. “बाकी सगळं शेण.”

एकाच गोष्टीची उणीव होती. आरोळीची. दोघांनीही ओरडून पाहिलं होतं. अक्षय भाजीवाल्यासारखा वाटत होता आणि ती शाळेतल्या बाईंसारखी. तो आवाज काकांचाच हवा, म्हणून ती आली होती. बेळगावात ती ओळ गमतीची होती. कुंभारवाड्याच्या फाट्यावर बसमधून उतरल्यापासून ती तशी राहिली नव्हती. ज्या माणसाला पहिल्याच पडद्यावर हसलंय त्याच्याकडेच आवाज मागायचा, आणि त्याला ते कळू द्यायचं नाही. कळलं तर काका रागावणार नाहीत, हे तिला माहीत होतं. ते हसतील आणि पुन्हा कधी ओरडणार नाहीत.

“दांडा कुठाय?” काका विचारत होते.

“दांडा न्हाई काका. ह्या बाणाच्या कळा. वर, खाली.”

“आनी गोळी?”

“ही लांब पट्टी.”

काकांनी अंगठ्याने पट्टी दाबली. रेडीच्या मागून एक गोळा पडला आणि खालच्या शेतात फुटला.

“आगं! शेन टाकती व्हय ही?”

“मागनं शेन, पुढनं रेकनं. जरा दाबून धरा बघू.”

त्यांनी दाबून धरलं. लॅपटॉपमधून म्हशीच्या रेकण्याचा लांबलचक आवाज आला. समोरची रानडुकरं, जी लष्करी शिस्तीत लाटेसारखी वरखाली होत येत होती, एकामागोमाग एक उलटी होऊन पडली. तेवढ्यात परसातल्या गोठ्यातून काकांच्या खऱ्या म्हशीने उत्तर दिलं.

“बघ, तिलाबी पटलं,” काका म्हणाले.

मग ते खेळातच शिरले. पेंडीचा गोळा खाल्ला की रेडीचा वेग वाढायचा. गवताची पेंढी मिळाली की थोडा वेळ मरण नाही. पांढरे बगळे मिळाले की ते रेडीच्या मागे रांगेत उडू लागायचे आणि तिच्याबरोबर गोळ्या मारायचे. बगळ्यांना काकांनी मनापासून दाद दिली. फणस फेकणाऱ्या वानरांना त्यांनी अशा शिव्या दिल्या की सुमंगलाने स्वयंपाकघराकडे बघून “काकाऽ” म्हटलं. पण कुरकुरही सुरू झाली.

“ही रेडी न्हवं पर.”

“का?”

“शिंगं बघ की. एवढी शिंगं म्हनजे दोन वेताची म्हस झाली. रेडीला नुसती बोंडं अस्त्यात, अशी,” त्यांनी अंगठ्याचं टोक दाखवलं. “शिकलेली पोरगी तू.”

“करते बारीक.”

“आनी हे काय? तळं न्हवं हे?”

“व्हय, तळं.”

“आनी ही तशीच वरनं चालली?”

“मग?”

“भर उनाची रेडीला तळं दिसलं आनी ती सरळ गेली?” काकांनी कळांवरचे हात उचलून तिच्याकडे पाहिलं. “बसंल की ती पान्यात. तू कितीबी बटनं दाब.”

“काका, ती थांबली तर पडदा थांबत न्हाई. मागच्या कडंला चेंगरून मरंल.”

“मग तुझा पडदा चुकलाय.”

सुमंगला हसत सुटली, पण हसता हसता विचारही करू लागली. तळं दिसलं की रेडी खाली उतरते, कुठलीच कळ चालत नाही, आणि पडदा येऊन तिला ढकलेपर्यंत ती डोळे मिटून बसते. असं कुठल्याच गेममध्ये नव्हतं. अक्षयला हे सांगायला हवं.

काका शेवटापर्यंत पोचले. अशा खेळांत शेवटी पडदा भरून टाकणारा एक राक्षस असतो आणि त्याचं एकच मर्मस्थान असतं. इथे घाटात आडवी अडकलेली, लाकडं भरलेली लॉरी होती, आणि मर्मस्थान म्हणजे झोपलेल्या ड्रायव्हरचा कान. काकांनी तीनदा रेकून पाहिलं. कान चुकला. लॉरीवरचा ओंडका घरंगळला आणि रेडी फुटली.

काळ्या पडद्यावर पाच पिवळी अक्षरं लुकलुकली. रंग तोच, आकार तोच, वेग तोच. सुमंगलाने आठवून आठवून जुळवला होता. पण आरोळी आली नाही. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते मान वळवून तिच्याकडे बघत होते.

“वरडा की काका.”

“कशाला?”

“तुमी वरडायचा न्हवं? रेडी सुटली म्हनून.”

“आता घसा ऱ्हायलाय कुठं.”

“तेच पायजे मला. तुमचा आवाज घालनार मी ह्यात.” तिने मोबाईल काढला. “रविवारी बेळगावात दाखवनार. लई मानसं येनार हैत.”

“बेळगावात?” काकांनी चष्मा काढला. “माझा आवाज? मग मी बी येतो. बसनं जाऊ. माझा आवाज ऐकतो जरा लोकांत बसून.”

सुमंगलाचं बोट मोबाईलच्या पडद्यावर थांबलं. त्या सभागृहात मोठा पडदा असणार. त्यावर सगळ्यांत आधी ती ओळ येणार, सगळे हसणार, आणि काका शेजारच्या कुणालातरी विचारणार, काय लिवलंय ओ?

“लांब पडंल तुमाला,” ती म्हणाली.

“उळवीला चालत जातो मी अजून. बेळगाव काय लांब! सांग, कुठं बोलू?”

पहिल्या खेपेला काका ताठ बसले आणि मोबाईलसमोर तोंड नेऊन सावकाश म्हणाले, “रेडी सुटली आहे.”

“आहे कशाला काका?”

“बेळगावची मानसं ऐकनार न्हवं? शुद्ध नको?”

दुसऱ्या खेपेला खोकला आला. तिसऱ्या खेपेला ते मधेच थांबून म्हणाले की बसून जमत नाही. मग ते उठले, सुमंगलाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या स्टुलाच्या कडेला हात टेकवला. तिने खेळ पुन्हा लावला आणि सवयीने पहिला पडदा ढकलला. अक्षरं लुकलुकायला लागली तशी डोक्यावरून आरोळी गेली.

“रेडी सुटली रेऽऽ!”

खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पाठोपाठ आतून फुलाकाकीचा आवाज आला, तोही तितकाच खणखणीत.

“काय आग लागली काय घराला? च्या रेडी हाय, आनू काय भाईर?”

“आन,” काका म्हणाले आणि खाली बसले. चेहरा लाल झाला होता. “आलं काय बरं?”

“ऐकू या.”

तिने मोबाईल कानाशी धरला. काकांची आरोळी तशीच्या तशी आली होती. शेवटचा हेल पत्र्यावर आपटून परत येतो तसा. मागोमाग कुत्री. मग काकीचं वाक्य. ते कापून टाकावं लागणार, म्हणून ती नेमकी जागा शोधायला लागली. पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा.

एकाच ध्वनिफितीत दोन रेड्या होत्या.

“काका,” तिने विचारलं, “काकी आत्ता काय म्हनली?”

“च्या झाला म्हनली.”

काकांनी सुपारी उचलून पात्यावर दाबली. सालीचे दोन तुकडे एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला.

सुमंगला मोबाईल हातात धरून बसली. बसचा कंडक्टर हा शब्द म्हणतो. शिंपी म्हणतो, उद्या रेडी. शाळेतले कन्नडचे मास्तर म्हणायचे. लग्नात नवरा रेडी असतो, शेतात नांगर रेडी असतो. मराठी बोला, कन्नड बोला, कोकणी बोला, या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही तो शब्द ठाऊक असतो. आणि काका तर वर्षानुवर्षं स्टँडमागे राहिले होते, जिथे दिवसभर कुणी ना कुणी दुसऱ्याला तेच विचारत असतं. काकांना तो शब्द ठाऊक होता का, ही एक साधी गोष्ट तपासायची राहून गेली होती. मोजमापाचं शिक्षण घेतलेल्या तिने इतकी वर्षं एकच वाचन धरून निष्कर्ष काढला होता.

फुलाकाकी चहाचे पेले घेऊन आली. वाकून पेले ठेवताना तिचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. रेडी डाव्या कडेला तरंगत होती, कुणीतरी कळ दाबायची वाट बघत.

“अगं बाई, ही चांदरी काय?”

“कोन चांदरी?”

“कोन चांदरी म्हनती बघा ही!” काकी नवऱ्याकडे वळली. “कपाळावरचा चांद तेवढा ऱ्हायला गं काढायचा. बाकी डिट्टो.”

“च्या घे की आदी, निवतोय,” काका सुमंगलाला म्हणाले. मग स्वतःचा पेला तसाच ठेवून उठले. “म्हशीला पानी दावून येतो.”

“आत्ता तर दावलंत!”

“तहान लागली असंल. वरडली न्हवं मगा.”

ते परसाकडे गेले. काकीने डोक्याला हात लावला आणि त्यांच्या जागी बसली.

“काकी, चांदरी कोन?”

“आपली रेडी की. कपाळावर पांढरा चांद हुता, म्हनून चांदरी. तुला काय बी आठवत न्हाई? शाळंत बी जात नव्हतीस तवा. दिसभर तिच्या गळ्यात पडून असायचीस. नाकाला नाक लावायचीस.” काकीने पदराने पेल्याची कड पुसली. “वाघरानं न्हेली तिला. पाटच्या पारी. तू उठून गोठ्यात गेलीस तर नुसतं दावं.”

“मग?”

“मग काय. जेवनं सोडलंस. बोलनं सोडलंस. ते दावं धरून गोठ्यात बसायचीस, उचललं की लाथा झाडायचीस. तुझी आई रडायची, तुझा बा चिडायचा. तुझ्या काकाला सांगावा धाडला. ह्यांनी काय केलं, तुला उचललं खांद्यावर आनी घेऊन गेले रामनगरला, त्या कपाटाकडं. मी म्हनलं, लेकरू असं हाय आनी गेम कसले दावताय? तर म्हनले, तू सुम्म बस.”

परसात बादलीचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आला नाही.

“सांजच्या बसनं परत आलीस ती हासत,” काकी म्हणाली. “चुलीम्होरं बसून मला सांगितलंस, काकी, चांदरी मेली तरी परत येती. नाव लिवून येती. मला म्हाईत, काकांनी वाचून दावलं. आनी भाकरी मागितलीस.”

सुमंगलाने पडद्याकडे पाहिलं. मरण आलं की तीनदा लुकलुकतं, आणि मग पुन्हा डावीकडून, पहिल्यापासून, सगळे पाय शाबूत. तिला काहीच आठवत नव्हतं. गोठा नाही, दावं नाही. आठवत होता तो फक्त स्टूल, आणि स्टुलामागे कुणीतरी उभं आहे ही खात्री.

“आनी मग हे दर वेळंला वरडायला लागले?”

“व्हय की. तू नसलीस तरी. सवयच लागली. मोठी पोरं हसायची, म्हनायची, उमाजीकाका, ही कसली रेडी? हे म्हनायचे, हसा बाबांनो, तुमच्या हसन्यानं तिला काय हुत न्हाई.” काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. “हे तुला म्हाईत असंल असं वाटलं मला. न्हाईतर एवढं कशाला काढलंस?”

ती आत गेली. सुमंगलाने चहा उचलला, तो निवला होता. पत्र्याच्या शेडमधली ती दहा पोरं तिला दिसत होती, खांद्यावरून डोकावणारी, फिदीफिदी हसणारी. हॉस्टेलवर गोष्ट सांगताना तिने नेहमी ती पोरं काकांना हसताना दाखवली होती. ती सगळी पोरं एक उघडी थट्टा ऐकून हसत होती. त्या शेडमध्ये ते खरं मानणारी एकटी तीच होती.

काका परत आले. हात कोरडेच होते. त्यांनी पेला उचलून एका घोटात निवलेला चहा संपवला, पाटाजवळ बसले, चष्मा घातला.

“बेळगावला यायचं तर मला सगळं म्हाईत पायजे,” ते म्हणाले. “कोन काय इचारील सांगता येत न्हाई. पयल्यापास्नं लाव. ते तू मगाधरनं ढकलूलालीस न्हवं, ते बी दाव.”

“त्यात काय न्हाई काका.”

“नसू दे. दाव.”

तिने गेम बंद केला आणि पुन्हा उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. या वेळी तिने कळ दाबली नाही. ओळ तिथेच राहिली. काका पडद्याकडे बघत होते, ओठ किंचित हलत होते. वाचत होते की सुपारी चघळत होते, सांगता आलं नसतं.

“काय लिवलंय?”

सुमंगलाने बोट पुढे केलं. पहिल्या अक्षराखाली टेकवलं आणि सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं, ओळीखालून शेवटपर्यंत नेलं.

“चांदरीला,” तिने वाचलं.

परसात म्हशीने दावं ओढल्याचा आवाज आला. काकांनी ओळीकडे पुन्हा एकदा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिलं.

“एवढंच? अक्षरं तर लई दिसत्यात.”

“इंग्रजीत लांबतंय काका.”

“व्हय,” काका म्हणाले, आणि पुढची सुपारी पात्यावर दाबली. “रेडीला बी पाच लागत्यात.”